सडनली येणारे पाहुणे

३ नोव्हेंबर, सोमवार

‘सडनली’ हा शब्द आज पक्का केला. भाकऱ्या थापायला कामाला येणाऱ्या काशम्माला म्हणालो — "सडनली गॅस संपला की!" आमची दानेश्वरी हसली. "अप्पा, कालपासून आच बारीक होती. कुणाच्या ध्यानीमनी नसताना घडतं ते सडनली."

पोरीला शिकवलं. आता ती मला शिकवते!

५ नोव्हेंबर, बुधवार

मैंदर्गीहून सोयरीक जुळवणाऱ्या शिवानंदचा फोन. दानेश्वरीसाठी स्थळ — मुलगा गुरुशांत, पुण्यात नोकरीला. "रविवारी पाहुणे सडनली येणार हायत. घर हाय तसं बघायचंय म्हणं त्यास्नी. तयारीत ऱ्हावा!"

म्हणजे आम्ही तयारीनिशी दचकायचं!

"आनी मालक, त्या दिवशी भाकरीचं काम बंद ठेवा. पीठबीठ दिसाया नको."

सायकलवरून कडक भाकरी विकत विकत हे घर उभं केलं. तरी ‘बरं’ म्हणालो. पोरीच्या लग्नाचा प्रश्न. ती शेजारीच उभी राहून सगळं ऐकत होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नवे पडदे लागले. मी आरशासमोर सराव केला — "अरे! तुम्ही? या, या!" बायको म्हणाली, "दरोडा पडल्यासारखं काय ओरडताय?"

८ नोव्हेंबर, शनिवार

पाहुणे आजच आले!!

मी बनियनवर, कोपरापर्यंत पीठ. बायकोच्या डोक्याला मेंदी. सराव केलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ!

मुलाची आई, शिवबाई, दारात थबकली. आता ही परत फिरणार, असं वाटलं. तिनं पदर खोचला आणि काशम्माला म्हणाली, "सरक गं जरा. इतकी पातळ कशी थापतीस, मला दाव की!" बसली की थापायला! पहिली भाकरी फाटली तशी दोघी खदाखदा हसल्या.

गुरुशांत आत आलाच नाही. पँटला पीठ लागेल म्हणे. एसी लावून गाडीत बसला. भाकरी-चटणीचं ताट तिकडं पाठवलं, ते तसंच परत आलं.

पाहुणे गेल्यावर शिवानंद फोनवर बोंबलला — "मी रविवार सांगितला होता की! आज या म्हणून कुनी सांगितलं?"

दानेश्वरी कप विसळत होती. "मी. शिवबाईंना फोन केला. म्हटलं, घर आहे तसं बघायचंय ना, मग काम चालू असताना या."

ह्याला म्हणतात सडनली.

९ नोव्हेंबर, रविवार

तिकडून होकार आला. दानेश्वरी म्हणते — सासू पसंत आहे, नवरा नको.