तुमच्या नावाशेजारी दोन बायका

अण्णा,

तुमच्या अतिथिधर्माविरुद्ध एक तक्रार आहे, आणि ती गांभीर्याने घ्यावी ही विनंती. दारी आलेल्याला चहा विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हे तुम्ही मला मुंजीच्याही आधी शिकवलंत. पण आलेला माणूस चहा पीत नसेल आणि कॉफीही पीत नसेल तर यजमानाने काय करावं, याला तुमच्या शास्त्रात आधार नाही. मी शोधला. शेजारच्या बाई अकरा वर्षं आमच्याकडे येतात आणि त्यांच्या धर्मात दोन्ही वर्ज्य. पहिलं वर्षभर मी दर वेळी विचारलं, त्यांनी दर वेळी हसून नको म्हटलं, आणि दर वेळी मला आपण कुळाला बट्टा लावला असं वाटलं. हल्ली त्या कपभर गरम पाणी पितात. नुसतं. वर म्हणतात, "तुझ्या हातचं पाणी फार छान असतं हं." कॅनडातल्या या सस्काटूनच्या जानेवारीत अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई माझ्या आधी उठून स्वतःच्या आणि माझ्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसते, आणि मी तिला पाणी पाजतो. बसा तुम्ही तिकडे तुमचा अतिथिधर्म घेऊन.

बाई मॉर्मन आहेत. हा ख्रिस्ती लोकांमधलाच अमेरिकेत निघालेला एक पंथ, एवढं तुम्हाला पुरे. पूर्वपक्ष मांडायला घेतला तर पत्र संपायचं नाही. आपल्याला तर्पणाला तीन पिढ्या पुरतात. बाप, आजा, पणजा, आणि पाणी सोडून मोकळे. यांना पुरत नाहीत. सापडेल तितका मागचा माणूस नावानिशी शोधून काढायचा, त्याला झाडावर त्याच्या फांदीला बसवायचा, कारण मेल्यावर कुटुंब तुटत नाही, सगळे पुन्हा भेटतात, अशी त्यांची श्रद्धा. बाईंचे पणजोबा या पंथाच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी. पोरवयात आईबापांबरोबर गाडीमागून माळरान तुडवत पश्चिमेला गेले, मोठेपणी मिशनरी होऊन समुद्र ओलांडून आले, आणि उतारवयात सीमा ओलांडून दक्षिण अल्बर्टात गाव वसवायला आले. बायका तीन. तेव्हा त्यांच्यात ते चालत असे. पण सरकारने डोळे वटारले होते, म्हणून कॅनडात येताना एकच आणली, दोघी मागे राहिल्या. यंदा हिवाळाभर बाई त्यांचा इतिहास टाइप करत होत्या. उन्हाळ्यात सगळा गोतावळा जमतो तेव्हा वाटायचा आहे. स्वल्पविराम तपासायला कागद माझ्याकडे आले. पोटॅशच्या खाणीत सेफ्टीच्या सूचना लिहिणारा माणूस स्वल्पविरामाच्या बाबतीत विश्वासू असणार, असा त्यांचा समज.

त्यातला एक प्रसंग तुम्हाला सांगायचा आहे. तीन वर्षं समुद्रापार धर्मप्रचार करून पणजोबा घरी परतले. अंगावर कुणाचा तरी कोट, छातीपर्यंत दाढी. पहिली बायको कणीक मळत होती. तिने दारात पाहिलं आणि विचारलं, "काय हवंय?" पणजोबांनी आपलं नाव सांगितलं नाही. ते मागे गेले, जळण फोडलं, आणि आणून चुलीच्या डाव्या अंगाला रचलं, नेहमी रचायचे तसं. मग तिने ओळखलं. बाई ही गोष्ट हसत हसत सांगतात. मीही हसलो होतो.

कागद परत केले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तुझं झाड मी करून देते. नाही म्हणू नकोस, तू माझ्याकडून काहीच घेत नाहीस." लॅपटॉप घेऊन आमच्या डायनिंग टेबलाशी बसल्या. मी तुमचं नाव सांगितलं, आजोबांचं, पणजोबांचं. पुढे अंधार. मग त्यांनी आईचं नाव विचारलं. मी सांगितलं तुम्ही ठेवलेलं, ते चार अक्षरी, काव्यातून उचललेलं, ज्यातलं जोडाक्षर उच्चारताना गवळी दर महिन्याला अडखळायचा. आई समोरच बसून मटार सोलत होती. बाईंना वाटलं, एवढी जवळ बसली आहे तर तिलाही बोलण्यात घ्यावं. तिच्याकडे वळून गोड आवाजात विचारलं. मी म्हटलं, "तुझं नाव विचारतायत." आईने मान वर केली आणि सांगितलं. दोन अक्षरं. नदीचं नाव. तिचं माहेरचं.

मी तेवढ्यात स्वयंपाकघरात पाणी गरम करायला गेलो म्हणा, किंवा ते ऐकून गेलो म्हणा, खुलासा करायचा राहिला. परवा बाईंनी छापील झाड आणून दिलं. छान जाड कागद, कडेला वेलबुट्टी. मधोमध तुम्ही, आणि तुमच्या शेजारी दोन बायका. एक चार अक्षरी, एक दोन अक्षरी. बाईंनी विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. अण्णा, ज्यांच्या पणजोबांना तीन होत्या त्यांना दोन म्हणजे संयमच वाटला. "खासगी बाब," त्या म्हणाल्या, "ज्याने त्याने सांगायची असते." माझ्या नावावरून वर गेलेली रेघ मात्र दोघींच्या मधोमध जाऊन थांबली आहे. मी नेमका कुणाचा, हे त्यांनी सभ्यपणे मोकळं सोडलं.

मग मी समजावलं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि जुनं नाव माहेरी राहतं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "म्हणजे बाई एकच, नावं दोन? आमच्याकडे बायका तीन, पण नाव एकीचंही बदललं नाही."  रात्री दूर वॉटर्लू शहरात राहणाऱ्या लेकीला फोन केला. ती खदखदून हसली. "बाबा, दॅट्स हिलेरियस. जस्ट डिलीट वन."

"कुठलं?" मी विचारलं.

"आय डोन्ट नो. द राँग वन."

तिथेच घोडं अडलं आहे. मला आठवतं, मी सात-आठ वर्षांचा, मामा आलेले, आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून तिला त्या दोन अक्षरांनी हाक मारली. आई वळली ती कुणी वेगळीच मुलगी होऊन. मला गंमत वाटली. मामा गेल्यावर मीही मारली तशी हाक, भाकरी थापणाऱ्या तिच्या पाठीला. तुम्ही ओसरीवर वह्या तपासत होता. लाल पेन्सिल खाली न ठेवता म्हणालात, "या घरात त्या नावाचं कुणी राहत नाही." आवाज चढला नव्हता. तुमचा कधीच चढायचा नाही. आई भाकरी थापतच राहिली. पुढे माझ्या लग्नात तुम्ही सुनेसाठी नाव काढून ठेवलं होतं, पाच अक्षरी, बहुधा व्याकरणाला धरून. ताट पुढे आलं तेव्हा ती म्हणाली, "मला आहे की नाव." तुम्ही अर्धा दिवस बोलला नाहीत. पण त्या दिवशी मागे उभी राहून आई तोंडाला पदर लावून हसत होती, हे तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. ते कशाचं हसू होतं, हे विचारायचं राहिलं, आणि आता विचारायची सोय नाही.

सोय का नाही, तेच सांगायचं टाळतो आहे इतका वेळ. दिवाळीपासून आई त्या चार अक्षरांना ओ देत नाही. दवाखान्यात नर्सने यादीतून वाचलं तर ती शेजारच्या खुर्चीकडे पाहते, कुणाला बोलावतायत म्हणून. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट करून परवा विचारलं, "हे कोण मास्तर? चेहरा कडक आहे." मला ते पणजोबांचं जळण आठवलं. म्हटलं, नाव सांगून उपयोग नाही, खूण पटवू. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीबाहेर उभा राहून तुमच्यासारखा घसा खाकरला आणि तुमचं सकाळचं स्तोत्र तुमच्या चालीत, जोडाक्षरावर तुमच्यासारखा जोर देऊन म्हटलं.  मग दार उघडून तिने पदर सावरला आणि मला हळूच सांगितलं, "बाहेर भटजी आलेत. पाट मांड."

मी पाट मांडला. काय करणार.

बाई म्हणतात, पलीकडे सगळे भेटतात, आणि मेलेल्यावरही सक्ती नसते. त्याच्या नावाने इथे केलेला विधी त्याला नको असेल तर तो नको म्हणू शकतो. हे मला आवडलं. पण तिथे ती भेटली तर कोण म्हणून भेटेल? तुमची बायको येईल, की जी "या घरात राहत नाही" असं तुम्ही म्हणालात ती येईल? आणि तिने "काय हवंय?" असं विचारलं, तर तुम्हाला करून दाखवण्यासारखं काय आहे? वह्या तपासून दाखवाल? चेष्टा करतो आहे असं समजा. मला खरंच कळत नाही. तुमच्यावर रागावावं असं वाटतं, मग वाटतं, पन्नास वर्षं ती त्या नावाने जगली, माझ्या प्रगतिपुस्तकावर त्या नावाने सही केली, ते खोटं कसं म्हणू? बाई रविवारी विचारणार आहेत, कुठलं काढू. मी थांबा म्हटलं आहे.

हे पत्र त्या जाड कागदाच्या मागच्या बाजूला लिहितो आहे, म्हणजे ते कुठे जाणार नाही हे उघड आहे. फोटोच्या मागे सरकवून ठेवेन. नावांचं काय व्हायचं ते होवो. काल सकाळी मी तिला त्या दोन अक्षरांनी हाक मारली, तुमची परवानगी न घेता. ती लगेच वळली, तेव्हासारखीच, आणि मला "दादा" म्हणाली. मी ओ दिली. तीन आठवडे झाले, मी तिला "आई" अशी हाक मारलेली नाही. मारली आणि ती वळली नाही तर, याची मला भीती वाटते.