उठल्याबरोबरची लाळ

१ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. कारण आजपासून थीसिस खऱ्या अर्थाने सुरू. एमडी सायकियाट्रीची पहिली दोन वर्षं ओपीडी आणि कॅज्युअल्टीने खाल्ली, त्यात माझा काही दोष नाही.
विषय जबरदस्त आहे. डिप्रेशनच्या पेशंटच्या लाळेत सकाळी उठल्याबरोबर कॉर्टिसॉल किती असतं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन. सुई नाही, रक्त नाही. डोळे उघडले की नळीत थुंकायचं, चहाच्या आधी, दात घासायच्याही आधी. नळ्या आपल्या फ्रीझरमध्ये, मग नागपूरच्या लॅबला. सोपं आहे, पण सुचायला डोकं लागतं.
दीपमाला मॅडम (माझ्या गाइड) म्हणाल्या, अमर, तीस जूनला थीसिस जमा झाला नाही तर डिसेंबरच्या परीक्षेला बसता येणार नाही, मग ज्युनिअर लोकांसोबत बसशील. मॅडमचा स्वभाव काळजीचा आहे. मी मार्चमध्येच आटोपतो.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. तंबाखूचा खर्रा बंद.

२ जानेवारी
नऊला उठलो. थंडी फार. तसंही पाच ही वेळ अशास्त्रीय आहे, प्रत्येकाच्या शरीराचं घड्याळ वेगळं असतं. सहापासून सुरुवात करू.
खर्रा एकच. तोही भारतने पुढे केला म्हणून. भारत आमच्या डिपार्टमेंटचा अटेंडंट, त्याचं मन मोडवत नाही.

११ जानेवारी
पहिलं सॅम्पल आलं. लाल.
पेशंट मारोतराव. तंबाखू चालणार नाही असं मी आधीच बजावलं होतं. पुन्हा विचारलं, तंबाखू खाता का? नाही म्हणे. मग हे लाल काय? तो खर्रा म्हणे. खर्रा म्हणजे तंबाखूच ना? तर म्हणे, नाही जी, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू तं नुसती लावाले असते. बरं, पण उठल्याबरोबर कायले खाल्ला? म्हणे, त्याच्याबिगर डोयेच उघडत नाहीत, आन् तुम्हीच तं सांगितलं डोये उघडल्यावर थुका.
नळी फेकली. डोकं दुखायला लागलं, म्हणून भारतकडून खर्रा घोटून आणला. अर्धाच.

२५ जानेवारी
कंट्रोल मिळत नाहीत. कंट्रोल म्हणजे ठणठणीत माणूस, पेशंटशी तुलना करायला. अटी साध्या: व्यसन नाही, झोप चांगली, जेवण चांगलं, मन प्रसन्न. ओपीडीत आलेल्या नातेवाइकांना विचारत फिरलो. ज्याला व्यसन नाही त्याला झोप नाही. ज्याला झोप आहे त्याच्या खिशात पुडी. हॉस्टेलवर विचारलं तर ऑर्थोवाले नुसतेच हसले.
निकिता, म्हणजे आमची फर्स्ट इयरची ज्युनिअर, म्हणाली, सर, तुम्हीच व्हा ना एक कंट्रोल. मी तिला समजावलं की संशोधकाने स्वतः भाग घेतला तर निष्पक्षपणा जातो. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. या मुलांना मेथडॉलॉजी शिकवायला हवी.

८ फेब्रुवारी
अखेर एक आदर्श पेशंट. बेबीताई, बोरी अरबच्या. तीन वर्षं झोप नाही, कोणाशी बोलणं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मुख्य म्हणजे खर्रा नाही, तंबाखू नाही, मशेरीसुद्धा नाही. दर शनिवारी एसटीने येतात. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात आणतात. लाळ पाण्यासारखी स्वच्छ. पाहूनच आनंद झाला.
अशा पाऊणशे बेबीताई मिळाल्या की संपलं.

२२ फेब्रुवारी
बेबीताईंचा एक गैरसमज निघाला. त्यांना वाटतं, थुंकणं हेच औषध आहे. म्हणे, डोक्शातला भार नळीत उतरते, आन् तुम्ही तो बंद करून ठेवता. मी अर्धा तास समजावलं: हे संशोधन आहे, यात तुमचा वैयक्तिक फायदा नाही. त्यांनी सगळं ऐकून मान हलवली आणि विचारलं की नळ्या बंद कुठी ठेवता. भारतने फ्रीझर उघडून दाखवला. त्यांनी हात जोडले.
हे त्यांनी अख्ख्या एसटीत सांगितलंय. आज सोबत तिघीजणी थुंकायच्या तयारीने आल्या. एकीचे गुडघे दुखतात.
निकिताचं म्हणणं, ताई सुधारतायत कारण गोळी लागू पडली, आणि दर शनिवारी कोणीतरी त्यांना विचारतं की या आठवड्यात झोप कशी झाली. मी विचारतो ते प्रश्नावलीत छापलंय म्हणून. आणि बरं वाटणं हा माझ्या थीसिसचा विषय नाही.

१० मार्च
मॅडमनी प्रगती विचारली. बरंच झालंय म्हणालो. आकडा सांगितला नाही, म्हणजे खोटं बोललो असं होत नाही.
केळापूरहून आईचे फोन. उचलायचे राहिले. शेवटी तिने बोलून मेसेज पाठवला: काहून फोन नाही उचलत रे, जेवलास काय. डेटा कलेक्शन चालू आहे असं कळवलं. प्रत्यक्षात पडून होतो, पण पडून विचार करणं हा संशोधनाचा मोठा भाग आहे. लोकांना ते दिसत नाही.

२९ मार्च
साडेअकराला उठलो. रिव्ह्यू ऑफ लिटरेचर लिहायला बसलो. फाइलला नाव दिलं. नाव चांगलं जमलं.
मेसच्या भाजीला हल्ली चवच नाही. स्वयंपाकी बदलला असणार. निकिता म्हणते तोच आहे. रविवारचं क्रिकेटही सोडलं, कारण पोरं फार वाईट खेळतात. दाढी ठेवतोय. म्हणजे केली नाहीये.

१२ एप्रिल, शनिवार
सलग तीन दिवस सुट्टी, सोमवारी जयंती. निकिता घरी गेली. भारत जयंतीच्या तयारीत. डिपार्टमेंटमध्ये मी एकटा. असा योग पुन्हा येणार नाही. तीन दिवसांत तीन चॅप्टर.
फक्त एक अडचण. हॉस्टेलच्या कूलरची मोटर जळाली, आणि यवतमाळच्या एप्रिलमध्ये कूलरशिवाय लिहिणारा माणूस जन्मायचाय. म्हणून गादी आणि डिपार्टमेंटचा कूलर रिसर्च रूममध्ये आणला. तिथे चालू प्लग एकच, तो फ्रीझरचा. तासाभरासाठी काढला. फ्रीझर बंद राहिला तर आतली थंडी कुठे जाते? साधं फिजिक्स आहे. अलार्म लावला.

१५ एप्रिल, मंगळवार
लिहिण्यात थोडा खंड पडला.
झोप लागली. तीन दिवस सलग नाही, मधे उठून कूलरमध्ये दोनदा पाणी टाकलं. प्लग दिसत होता. गादीपासून दोन हातांवर. लावायचाय हे माहीत होतं. हात उचलला गेला नाही. उकाडाच तसा होता.
सकाळी भारत आला आणि विचारलं, सर, हा वास कायचा येऊन राह्यला?

१६ एप्रिल
शांतपणे विचार केला. लाळ ही शेवटी लाळच. पुन्हा गोठवली की झालं. उलट यातून दुसराच पेपर निघतो: विदर्भाच्या उन्हाळ्याचा लाळेवरील परिणाम. यावर कोणी काही लिहिलं नसणार.
निकिताला ही कल्पना सांगितली. तिने फ्रीझर उघडला आणि बंद केला. मग विचारलं, सर, तुम्ही शेवटचं कधी जेवलात? विषय काय, ही विचारते काय. मी चिडलो. तिने मेसमधून डबा आणून ठेवला. तो तिथेच आहे.

१९ एप्रिल
बेबीताई आल्या. हसत. झोप येते म्हणे आता, सूनबाईशी भांडलेसुद्धा. फ्रीझरला बाहेरूनच हात जोडले. मी किल्ली नाही म्हणून सांगितलं. फ्रीझरला कुलूपच नाही.
माझ्यासाठी जवसाची चटणी आणली होती. आणि एक नळी परत आणली. या आठवड्यात उरली म्हणे. वाया नोका घालवू डॉक्टर, तुम्हीच थुकून टाका तिच्यात.
ताई गेल्यावर लाज वाटली. खूप वाटली. दार लावून बसलो. डोळ्यांत पाणी आलं, पण चटणी तिखट होती हेही खरं. मी ती अजून खाल्ली नव्हती, तरी वास येतोच ना.

६ मे
सॅम्पल नागपूरला पाठवले, भारतबरोबर, बर्फाच्या खोक्यात. दुपारीच लॅबवाल्याचा फोन. नळ्यांना बुरशी आहे, काहीच करता येणार नाही, मशीनला लावणारसुद्धा नाही. मी त्याला फ्रीझिंगबद्दल चार शास्त्रीय गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, डॉक्टर, झाकण उघडल्यापासून आमचे दोघं जण बाहेर उभे आहेत. फोन ठेवला. खाजगी लॅबवाल्यांना संशोधनाची आस्था नाही.
मॅडमना कळवायचं आहे. योग्य वेळ पाहून कळवू.

२० मे
सगळं नव्याने करायचं ठरवलं. मनावर घेतलं तर महिनाभर पुष्कळ आहे. रोज थोडे थोडे पेशंट, थोडे थोडे कंट्रोल. चार्ट आखला. रंगीत पेन सापडेना, म्हणून अर्धाच आखला.

२ जून
झालं नाही. उकाडा.

१८ जून
उकाडा गेला. आता हवा ढगाळ. ढगाळ हवेत कोणालाही पडून राहावंसं वाटतं.
बेबीताई दोनदा येऊन परत गेल्या असं भारत म्हणाला. मी रूमवरच होतो. त्याने दार वाजवलं म्हणे. ऐकू आलं होतं.

३० जून
शेवटची तारीख. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.
इस्त्रीचा शर्ट सापडला नाही, म्हणून अॅप्रनची बटणं वरपर्यंत लावली. उत्तरं पाठ होती: खर्रा, प्लग, लॅब, भारत. पण मॅडमनी थीसिसचं नावसुद्धा काढलं नाही. दार लोटलं, खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि विचारलं, झोप कशी आहे अमर?
माझ्या लगेच लक्षात आलं. परीक्षेच्या प्रॅक्टिकलसाठी इंटरव्ह्यू कसा घ्यायचा ते करून दाखवतायत. म्हणजे परीक्षेला बसवणार. बरं वाटलं. मी मनातल्या मनात मार्क देत गेलो. मोकळे प्रश्न: दहापैकी आठ. मधे गप्प राहणं: नऊ. जेवण, आंघोळ, आईचे फोन, क्रिकेट. क्रम जरा मागेपुढे होता, मी झोपेनंतर लगेच भूक घेतली असती. मग मॅडमनी विचारलं, जगून काय करायचं, असं वाटतं का कधी? हा प्रश्न विचारायला ज्युनिअर लोक कचरतात. मॅडम कचरल्या नाहीत. पूर्ण मार्क.
  मी खरं ते सांगितलं. कितीतरी दिवसांनी कोणालातरी खरं सांगत होतो, आणि आवाज माझा वाटत नव्हता.
मॅडमनी निकिताला आत बोलावलं. तिने कोरा केसपेपर काढला, वर माझं नाव लिहिलं आणि वय विचारलं. तेव्हा कळलं की हे प्रॅक्टिकल नव्हतं.

१ जुलै
आई आली केळापूरहून, पहिल्या एसटीने. मला एकटं ठेवायचं नाही असं मॅडमनी तिला सांगितलंय. समोरच्या कॉटवर बसून माझे कपडे घड्या करतेय. ते धुतलेले नाहीत हे मी तिला सांगितलं नाही.
दुपारी मॅडमचा फोन. थीसिसला सहा महिने मुदतवाढ मिळेल, त्यांनी बोलून ठेवलंय. बरा हो, मग पाहू म्हणाल्या. भारत येऊन हात मिळवून गेला. निकिताने पेढे आणले. एवढी चांगली बातमी वर्षात मिळाली नव्हती. मी बरं म्हणालो. आत काहीच हललं नाही. चांगली बातमी ऐकून आनंद न होणं हे या आजाराचं लक्षण मी ओपीडीत रोज नातेवाइकांना समजावून सांगतो. त्यांना ते नाटक वाटतं. मग मी त्यांच्यावर चिडतो.
गोळी रोज नाश्त्यानंतर एक. आईने घरून पोहे करून आणले होते. पोहे गार झाले आणि गार झालेल्याला नाश्ता म्हणता येत नाही.
आईने विचारलं, गोळी घेतली काय बाप्पा. घेतली म्हणालो. उद्यापासून घेईन.