वसंताकाकाचं उणे एक

३ डिसेंबर
आज दावणीपाशी तमाशा! जनावरांचे डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन आल्ते. आमच्या चाळीस शेळ्या. मशीन लावायच्या आधी त्यांनी आबांना गमतीनं विचारलं – गाभण कोणती, भाकड कोणती? आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि चाळीसच्या चाळीस – "गाभण!" मंग त्यांच्या धाकट्या भावाला, वसंताकाकाला विचारलं. तो एकेकीच्या पोटाला हात लावून, मान खाली घालून सांगत गेला.

मशीन म्हणालं – छत्तीस गाभण, चार भाकड. आबांचे छत्तीस अंदाज बरोबर. काकाचा एकही न्हाई! चाळीसच्या चाळीस चुकले. गाव पोट धरून हसलं.

४ डिसेंबर
पारावर आबांना शाल-नारळ. "नव्वद टक्के!" मी गप्प बसायचं ना! पण संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. बोलले – सगळ्यांनाच गाभण म्हणायला शेळीकडं बघावंही लागत न्हाई. नुसते बरोबर किती ते मोजू नये, अंदाजाचा खऱ्याशी मेळ किती ते बघावं. त्याचा गुणक असतो. पूर्ण मेळ म्हणजे एक. काहीच संबंध न्हाई म्हणजे शून्य. सगळंच्या सगळं उलटं म्हणजे उणे एक.

"आबा, तुमचं शून्य."

"नव्वदाला शून्य! हेच शिकून आली का संभाजीनगरहून?"

"आन् माहं?" काकानं हळूच विचारलं.

उणे एक! म्हटलं, काका तर सोनं – तो सांगेल त्याच्या उलटं धरलं की झालं!

५ डिसेंबर
आबा माझ्याशी बोलत न्हाईत. शाल खुंटीला.

९ डिसेंबर
गावानं गुणक भलताच मनावर घेतला! ओट्यावर शेळ्यांची रांग.

"वसंता, ही?"

"भाकड."

"गाभण हाये रे, गाभण!" – आणि काकाच्या हातात पेढा. एक म्हातारा डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "असाच चुकत राह्य बाबा." चतुराकाकू खूश. बायांना सांगून राह्यली – "आमच्या ह्यांच्यासारखं जिल्ह्यात कुनी चुकत न्हाई."

१४ डिसेंबर
साखराबाईच्या शेळीला काका म्हणाला "गाभण". म्हणजे भाकड! तिनं लगेच भोकरदनच्या बाजारात खाटकाकडं धाडली. काकाला हे दुपारी कळलं. अनवाणीच मोटारसायकलवर पळाला! दोन तासांनी आला तो शेळी मांडीवर घेऊन, घामानं चिंब.

"बोलण्यात चूक झाल्ती," म्हणाला.

चूक? तो तर नेहमीच चुकतो!

१५ डिसेंबर
सकाळी काकाला गोठ्यात गाठलं. "काका, खरं सांग. तुला सगळं कळतं ना?"

शेळीची पाठ खाजवत म्हणाला, "चारचौघांत थोरल्याच्या म्होरं कसा जाऊ? त्या दिशी लई ध्यान ठिवावं लागलं, बाई. एकांदी चुकून बराबर निघाली आस्ती तर?"

रोज रांगेतसुद्धा तेच ध्यान! काल दमला, आणि तोंडून खरं निघून गेलं.

मी मोठ्या तोंडानं उणे एक सांगत फिरले. त्याला एकदा तरी विचारलं का, पोटाला हात लावून काय कळतं तुला?

वळले तर दारात आबा. काखेत वैरणीची पेंढी. कधीचे उभे होते कुणास ठाऊक.

१७ डिसेंबर
आज रांग लागल्यावर आबांनी स्वतः आमची शेळी ओढत आणली. सगळ्यांदेखत काकापुढं उभी केली.

"सांग वसंता. सुलटं सांग."