गुडघ्याची सतरा कार्डं

ती. सौ. ताईस,

वाकून नमस्कार (खरोखर वाकलो, आणि गुडघ्याने हूं की चूं केलं नाही, ही पहिली खूशखबर). तू आणि भाऊजी ठीक असाल. तुझ्या गुडघ्याकडे शेवटी येतोच, आधी माझं ऐक. माझं ऑपरेशन रद्द झालं! इतकं हलकं वाटतंय की काल जिना चढताना चक्क शीळ घातली. (वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून पाहिलं.)

दुर्बीण घालून गुडघा आतून साफ करून घ्यायचं मी मनावर घेतलं होतं, हे तुला माहीतच आहे. धाकधूक होती, भूल दिल्यावर जागच आली नाही तर, इथपासून. म्हणून ठरवलं, आधी पुरावा गोळा करायचा. तीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लिहिण्यात गेली, त्यामुळे पुरावा म्हटलं की माझा हात आपसूक कार्डाकडे जातो. बागेतल्या बाकावर, किराणा दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत भेटेल त्याला विचारलं आणि ऐकलेल्या प्रत्येक ऑपरेशनचं एक कार्ड केलं. सतरा कार्डं झाली, आणि सतराच्या सतरा जणांना आराम! कार्डांचा डबा काखोटीला मारून डॉक्टरांकडे गेलो आणि तारीख घेऊनच उठलो.

सूनबाई काय काम करते ते मला इतकी वर्षं नीट कळलंच नव्हतं. एकाच उपचारावर जगभर झालेल्या चाचण्या ती हुडकते, त्यातल्या भरवशाच्या कोणत्या ते पारखते आणि सगळ्या मिळून काय सांगतात ते मांडते. (मला वाटायचं, नुसती वाचत बसते. मीही कामावर तेच करायचो, म्हणून कधी बोललो नाही.) रविवारी तिने डबा मागितला. मी ऐटीत दिला. तिने जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरली आणि दहा मिनिटांत विचारलं, "बाबा, यातले नऊ जण तिसऱ्याच दिवशी मशीनवर कसे बसले?"

ताई, तो एकच माणूस होता! कोपऱ्यावरचा शिंपी. न्हाव्याने तो 'माझा एक मित्र' म्हणून सांगितला, किराणावाल्याने 'आमचा एक नातेवाईक', शिंप्याच्या सासऱ्यांनी 'जावई'. आणि मी, एका पुस्तकाची चुकून दोन कार्डं झाली तर हाताखालच्यांना फैलावर घेणारा, एका शिंप्याची नऊ कार्डं करून बसलो! मग तिने विचारलं, ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत? असं कोणी भेटलंच नाही, म्हटलं. "भेटणार कसे? ते जिना उतरून बाकावर येतात कुठे!" ऑपरेशनशिवाय ज्यांचं दुखणं कमी झालं, त्यांना तर मी विचारलंच नव्हतं.

मग तिने खरा आढावा वाचून दाखवला. झिजलेल्या गुडघ्यांच्या त्या चाचण्यांत काहींची सफाई केली, काहींना नुसत्या वरून चिरा दिल्या. काही महिन्यांनी दोघांच्या दुखण्यात फरक नावापुरताच. व्यायामाने मात्र थोडा आराम पडतो (थोडा, चमत्कार नाही, हे तिने दोनदा बजावलं). कागद घेऊन मी डॉक्टरांशी भांडायला गेलो, तर ते म्हणाले, "मी पहिल्या दिवशी व्यायामच लिहून दिला होता. डबा तुम्हीच आपटलात टेबलावर." आता रोज खुर्चीत बसून पाय उचलतो. पण माझ्या नमस्काराचं आणि शिळेचं चारचौघांत सांगत सुटू नकोस, ते फक्त एक कार्ड आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा, चिरा न पडलेला,
धाकटा भाऊ

ता. क. 'सतरापैकी सतरा' असं गेल्या महिन्यात मीच तुला कळवलं, आणि त्यावर विसंबून तू बारा तारखेचं ऑपरेशन ठरवलंस. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे. पहिल्या ओळीत लिहायचा धीर झाला नाही. तुझीही झीजच आहे ना? मग बाराच्या आत डॉक्टरांना एवढंच विचार, 'हे केलं नाही तर काय होईल?' माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण आधी विचार.

आणखी एक ता. क. हे पत्र टाकायला निघालो तर वाटेत शिंपी भेटला. गुडघा कसा आहे, म्हटलं. "दुखतोय की अजून! म्हणून तर ऑपरेशनच्या आधीच मशीनला मोटर बसवून घेतली, पाय मारायला नको." नऊ जणांना त्याचा गुडघा विचारला मी, एक त्याला सोडून.