हरकतीची ओळ

आबा, सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा कंदिलाची काच पुसली, एकदा मुलींच्या पाट्या उगाचच लावून ठेवल्या. शाळेत मी दिवसभर बडबडत असते, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून दुसरं काहीतरी काम काढते. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली तरी. परवा गावची चार माणसं आली होती. आपल्या देवराईतली देवाच्या पाषाणाभोवतीची सहा झाडं तेवढी उरली आहेत, ती तरी तोडू नयेत म्हणून सरकारात अर्ज द्यायचा आहे. "बाई, तुमी गुरवाची लेक. तुमीच लिवा," म्हणाले. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

मी सात-आठ वर्षांची असेन. न्हाणीच्या चुलीला जळण नव्हतं म्हणून राईतून टोपलीभर पातेरा गोळा करून आणला. झाडाला हातसुद्धा लावला नव्हता, खाली पडलेली वाळकी पानं तेवढी उचलली. तुम्ही टोपलीत डोकावलात, माझा कान धरलात आणि मला परत राईत नेलंत. "जिथनं उचललंस तिथं टाक." मग माझा हात मनगटाला धरून पातेऱ्यात खुपसलात. वर कोरडी पानं, खाली ओली, त्याखाली काळी माती, आणि कोपर बुडायच्या आत बोटं दगडाला टेकली. "ह्यो करळ," तुम्ही म्हणालात. समुद्रानं शिंपल्या नि वाळू घट्ट करून केलेला पांढरट, भोकाभोकांचा दगड. "माती इतकीच हाय गो. ती बी ह्या पानांचीच झालेली. पाऊस पानात मुरतो, दगड तो पितो, म्हणून झऱ्याला गोडं पानी. तू पातेरा नेलास तर झाडं काय खातील नि आपुन काय पिणार?" भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला, राबाला, गाव डोंगरावरून भारे आणायचं, पण राईतलं एक पान कोणी उचलत नसे. समुद्र हाकेवर असून आमचा झरा गोड होता. आता मी शाळेत भूगोल शिकवते, पण राई इतकी सरळ करून कुठल्याच पुस्तकानं मला सांगितली नाही.

तुम्ही मला शाळेत घातलंत तेव्हा लोक हसले. गुरवाची पोर शिकून देवाला धडा वाचून दाखवणार का, असं काकाच म्हणाले होते. तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. बाजारात, देवळात, कुठंही एखादा कागद दिसला की मला पुढं ढकलायचात, "माजी पोर वाचते." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग तो मोजणीचा कारकून आला. मी बारा वर्षांची. ओसरीवर घोंगडी अंथरलेली आहे, कारकून ताक पितो आहे, तुम्ही कागद माझ्या हातात देता. कागदाचा मथळा छापील, बाळबोध. बाकी सगळा मजकूर हातानं लिहिलेला, मोडीत. मोडी मला येत नव्हती आबा. चार अक्षरं ओळखायची, तीही सुटी लिहिली तर. मी मथळा मोठ्यानं वाचला, "राखीव." तुम्ही खूश झालात. "व्हय तर, राखलेलीच हाय. आमच्या सात पिढ्या राखतात." मग विचारलंत, "नि खाली काय लिवलंय?" तुमच्या नजरेत ती कौतुकाची चमक होती, आणि कारकून माझ्याकडे बघत होता. मी त्या गिचमिडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तेच. राई राखायची म्हणून." तुम्ही अंगठा दिलात.

खाली लिहिलं होतं की ही जमीन सरकारची राखीव, आणि गुरवाची तिच्यावर काही हरकत नाही. राखीव या एका शब्दात तुमची राई देवाची होती आणि कारकुनाची सरकारची. पुढच्या वर्षी मक्तेदार कुऱ्हाडी घेऊन आला. त्यानं झाडं तोडली, करळ खणला, राईतच भट्टी लावली आणि राईचंच लाकूड जाळून राईच्याच दगडाचा चुना केला. मुंबईत इमारती चालल्या होत्या म्हणे. उघडी पडलेली माती एका पावसाळ्यात वाहून गेली. दोन वर्षांत झरा मचूळ झाला, बायका डोक्यावर हंडे घेऊन पार नागावच्या वाटेला लागल्या. "गुरवानं राई विकली," असं त्या तुमच्या देखत म्हणायच्या. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की कागद पोरीनं वाचला होता. भट्टी गेल्यावर रोज सकाळी दुसरीकडून पातेऱ्याचे भारे आणून उघड्या दगडावर पसरत राहिलात. वारा तो उडवून न्यायचा. मी दारातून बघायची आणि आत जायची.

मला तो कागद वाचताच आला नव्हता, हे तुम्हाला कळलं होतं का? हाच प्रश्न मला बसू देत नाही. मी ट्रेनिंग कॉलेजला निघाले तेव्हा रेवसच्या धक्क्यावर तुम्ही माझी वळकटी होडीत चढवलीत आणि म्हणालात, "वाचशील ते पुरं वाच गो. येत नसलं तर येत नाय म्हन." बापानं लेकीला सांगावं तसंच सांगितलंत, की त्यात दुसरं काही होतं? मी मान हलवली. त्यानंतर तुम्ही दोनच पावसाळे काढलेत. मोडी मी पुण्यात पहिल्याच वर्षी शिकले, हट्टानं, इतर मुली हसत असताना.

अर्ज लिहून झाला आहे. चांगला उतरला आहे. पातेरा, करळ, झरा, सगळं तुम्ही सांगितलं तसंच घातलं आहे. गावच्या माणसांना वाचून दाखवला तेव्हा एक म्हातारा डोळे पुसून म्हणाला, "गुरवाचा उगाच बोभाटा केला आमी." अंगठ्याबद्दल मी त्यात लिहिलं आहे की गुरव निरक्षर होते, आणि त्या वेळी कागद वाचून दाखवणारं घरात कोणी नव्हतं. हे पत्र मी कुठं धाडणार? अर्ज मात्र उद्या सकाळी अलिबागला जायचा आहे. ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही, आबा.