अंदमानच्या विम्याचे कागद

आई,

आम्ही दोघं राहुरीला तपासणीला जातोय. अकराच्या सुमारास विम्याचा एजंट रद्द झालेल्या अंदमानच्या सहलीचे कागद न्यायला येईल. टीव्हीजवळचं पिवळं पाकीट त्याला द्या. तो तुमच्यासमोरच एकेक कागद तपासणार, तुमच्या नजरेला पडणारच, म्हणून आधीच लिहिते.

सहल रद्द झाली ती अवधूतला रजा मिळाली नाही म्हणून नव्हे. मला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलं. तीन महिने भरल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुमचंच ऐकून आम्ही गप्प बसलो. तुमचा पहिला विमानप्रवास हुकला म्हणून महिनाभर तुम्ही त्याच्याशी धड बोलला नाहीत, तेही त्यानं सोसलं.

पण सोनोग्राफी बघून कुणाला फोन करू नका, पेढे आणू नका. तो कागद गेल्या महिन्यातला आहे. मागच्या मंगळवारी मी पोट धरून निजले होते ना, तेव्हाच सगळं संपलं. तुम्ही ओव्याचं पाणी करून दिलंत आणि मी तुम्हाला अपचन झालंय म्हणाले.

आज पोट दुखत नाहीये. तरी आल्यावर ते पाणी करून द्याल?

प्रणिता