नवरा परदेशी

ओक्से,

गेल्या सणाला तू माझ्या सेमेनच्या थडग्यावर चादर अंथरलीस, जेवण मांडलंस आणि मीठ घरीच विसरलीस, हे मला इकडे कळलं. तुझं डोकं लहानपणापासून चाळणीच.

मी सांगतेय आणि माझी नात, आपली मारे गं, ती लिहितेय. ती म्हणते, "आजी, तिकडचं टपाल बंद आहे. हे पत्र जायचं नाही."

म्हटलं, "तू लिही गं. मला अक्षर येत नाही, बोलता तर येतं."

परवा पंचायतीचा नवा कारकून माणसांची यादी करायला आला होता. त्यानं विचारलं, "नवरा कुठे असतो?"

म्हटलं, "परदेशी."

"कधी येणार?"

"आता मलाच जायचंय." बिचाऱ्यानं तसंच लिहून घेतलं.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. सेमेनला इथेच, आमच्या टेकडीवर निजायचं होतं. हट्ट माझा, की आईबाबांपाशी, तुमच्याकडच्या दफनभूमीत. तासाभराची तर वाट, आणि मधली रेघ तेव्हा फक्त कचेरीतल्या नकाशावर होती. तीन वर्षांत तिथे देशाची हद्द उभी राहिली. आता व्हिसा आहे, रांग आहे आणि माझे हे गुडघे आहेत. त्याला तिथे एकटं मीच टाकलं.

या सणाला त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बस. शहाजिरं घातलेल्या चीजची एक फोड त्याच्यापुढे ठेव, आणि तिच्यातलीच अर्धी, वाळली तरी चालेल, इकडे येणाऱ्या कुणाबरोबर मला पाठव.

तुझी अक्का,
मात्रो